डाव्या कुशीतली लाट

प्रसेनजित गवई उभ्या उभ्या झोपतो, असं वरवट बकालच्या आजूबाजूच्या गावांत खात्रीनं सांगितलं जातं. दिसायला तसं दिसतंही. माणूस गाईच्या डाव्या अंगाला उभा, मूठ वळून तिच्या कुशीत रुतवलेली, मान कलती, डोळे मिटलेले. मालक खोकतो, पाय बदलतो, दोनदा आभाळाकडे बघतो आणि शेवटी न राहवून म्हणतो, "डॉक्टर, सुई मारता ना?" डॉक्टरांचे डोळे काही उघडत नाहीत.

डॉक्टर तो नव्हेच. तो पशुधन पर्यवेक्षक. मोठ्या डॉक्टरीणबाई, हिमानी मॅडम, संग्रामपूरला बसतात आणि त्यांच्या सांगण्यानं हा गावोगाव मोटारसायकल फिरवतो. पण 'पशुधन पर्यवेक्षक' एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार? सुरुवातीला त्यानं लोकांना दुरुस्त करून पाहिलं, मग नाद सोडला.

आणि झोपेचं म्हणाल, तर तो झोपत नाही, ऐकत असतो. गाईचं मोठं पोट डाव्या बाजूला. धडधाकट गाईचं ते पोट सारखं घुसळत असतं. मूठ लावून धीर धरला की थोड्या थोड्या वेळानं आतून एक लाट येते, मूठ अलगद उचलते आणि सोडून देते. कान लावला तर लांब कुठं सातपुड्यात ढग गडगडावेत तसा आवाज. शिकत असताना पहिल्यांदा ही लाट त्याच्या मुठीला लागली, तेव्हा हा खुळा पोरगा बाकीच्यांचे हात लावून झाले तरी तिथून हलेना. शिक्षकांनी दंड धरून बाजूला केलं. त्या रात्री म्हणे स्वप्नात तो त्या पोटाच्या आत गेला होता. आत हिरवट उजेड होता, कोमट पाणी होतं, आणि न दिसणारे कोट्यवधी जीव कडब्याचं दूध करायच्या कामाला लागले होते. स्वप्नातही त्याला तिथून निघावंसं वाटलं नाही.

असा स्वप्नाळू माणूस औषधांच्या बाबतीत मात्र चोख. त्याच्या पेटीत पोटफुगीचं तेल, खाण्याचा सोडा, मॅग्नेशियमची पांढरी पावडर, जंताचं औषध, आणि सुंठ-ओवा-हिंगाचं पाचक चूर्ण, ज्याच्या वासानं बसमधली माणसं त्याच्यापासून एक सीट सोडून बसतात. या सगळ्यांतलं काय काढायचं हे एका प्रश्नावर ठरतं: जनावरानं काय खाल्लं? ओला हिरवा चारा खाऊन पोट फुगलं तर तेल. धान्य खाऊन पोट आंबलं तर सोडा. तिथं आंधळेपणानं बाटली उपडी करून भागत नाही. आणि नेमक्या याच प्रश्नाला वऱ्हाडातला मालक खरं उत्तर देत नाही. ज्वारीचं पोतं फोडून बैलानं अर्धं रिकामं केलेलं असो, लग्नाच्या पंगतीतला भात म्हशीपुढं ओतलेला असो, मालक भुशाकडं बोट दाखवून छातीठोकपणे सांगणार, "रोजचंच जी. कुटार अन् कडबा." लाज वाटते बिचाऱ्यांना, दुसरं काय! आपल्याच हातानं आपलं जनावर आजारी पाडलं, हे कोणाला तोंडानं सांगवतं?

प्रसेनजितला हे सगळं ठाऊक होतं. नव्हतं ठाऊक ते एवढंच, की हे उत्तर एक दिवस त्याला स्वतःच्या घरात ऐकायला मिळणार आहे.

त्याची आई भिमाबाई. सत्तरी ओलांडलेली, काटक, डोळ्यांत अजून धार. तिच्या घरी जन्मात जनावर नव्हतं. दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं, दुसऱ्याच्या अंगणात दाणे पाखडले, बहात्तरच्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडली. लेकाला नोकरी लागली, घर बांधून झालं, आणि एका उन्हाळ्यात त्यानं आईसाठी एक तांबडी कालवड आणून दारात बांधली. भिमाबाईनं तिचं नाव मैना ठेवलं. तेव्हापासून म्हातारीचं बोलणं लेकाशी कमी आणि मैनाशी जास्त. आता मैना दुसऱ्यांदा व्यालेली होती आणि आळीतल्या पोरासोरांना तिचं दूध माहीत होतं.

वैशाख पौर्णिमेला प्रसेनजित घरी नव्हता. बायको रेणुका पोरांना घेऊन माहेरी, बीबीला गेलेली, म्हणून तोही तिकडंच होता. दुसऱ्या दिवशी मेहकरवरून बस बदलत बदलत दुपारी उशिरा घरी पोचला, तर आई ओट्यावर बसलेली आणि मैना दावणीला मान टाकून उभी. पुढं कडबा तसाच पडलेला. डोळे खोल गेलेले, आणि अधूनमधून दात करकरा वाजवत होती.

"सकाळपासून तोंड नाही लावलं तिनं," भिमाबाई म्हणाली. "मी तुलेच फोन लावणार होती."

"मंग काऊन नाही लावला?"

भिमाबाई उठून मैनापुढचा कडबा उगाच सारखा करायला लागली.

प्रसेनजितनं पिशवी तिथंच टाकली आणि मूठ मैनाच्या डाव्या कुशीत लावली. कूस फुगलेली होती. त्यानं डोळे मिटले आणि वाट पाहिली. लाट आली नाही. आणखी थांबला. आत काहीच हलत नव्हतं. कान टेकवून पोट हलवलं, तर भरलेली घागर हिंदकळावी तसं नुसतं पाणी वाजलं. शेकडो पोटं त्यानं ऐकली होती, पण एवढं गप्प पोट स्वतःच्या दारात पहिल्यांदाच.

"माय, काय खाल्लं हिनं?"

"रोजचंच रे. कुटार अन् कडबा."

आईनं सांगितलं, म्हणजे संपलंच की. त्यानं पोटफुगीच्या तेलाची बाटली काढली, बूच उघडलं, मैनाचं तोंड वर केलं आणि तिचा श्वास त्याच्या तोंडावर आला. आंबट. आणि त्या आंबटाच्या मागं कुठंतरी गूळ.

बाटली हातात तशीच राहिली. त्यानं अंगणात नजर फिरवली. भिंतीला विहारातला स्वयंपाकाचा मोठा गंज पालथा घातलेला होता, घासूनपुसून लख्ख. पौर्णिमेला विहारात खीर होते, गहू-तांदूळ-गुळाची, साऱ्या गावाला पुरेल एवढी. यंदा ऊन भलतं, माणसं कमी आली असतील. विहार घराला लागून, म्हणजे उरलेली खीर भिमाबाईकडंच येणार. आणि विहाराची खीर उकिरड्यावर जाऊ देईल, ती भिमाबाई कसली! आळीत वाटून वाटून किती वाटणार? बाकीची कुठं गेली ते मैनाचा श्वास सांगत होता.

त्यानं आईकडं पाहिलं. ती पदराचं टोक दातांत धरून लेकाच्या हातातल्या बाटलीकडं बघत होती. मागच्याच वर्षी याच विहारात, याच आईला पहिल्या रांगेत बसवून, त्यानं जनावरांना शिळं गोडधोड आणि धान्य घालू नये यावर भाषण ठोकलं होतं. टाळ्या तिनंच सगळ्यांत जास्त वाजवल्या होत्या.

प्रसेनजितनं मैनाचं तोंड खाली सोडलं. तेलाची बाटली त्यानं बंद करून ठेवली आणि सोड्याचा डबा काढला.

हिमानी मॅडमना फोन लावून तो अंगणाबाहेर जाऊन बोलला. "खीर आहे मॅडम. भरपूर असावी." मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. पाण्यातून सोडा आणि मॅग्नेशियम, शिरेतून सलाइन आणि सोडा, ब जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. "आणि पाजताना घाई नको," त्या म्हणाल्या, "हे तुला सांगायला नको, पण स्वतःच्या जनावराला पाजताना सगळेच घाई करतात." लोक जीभ ओढून धरतात आणि औषध फुप्फुसात घालवतात, म्हणून तो गावोगाव ओरडत आलेला. त्यानं जीभ मोकळी सोडली, मान फार वर न करता घोट घोट औषध गालात सोडलं, प्रत्येक घोट गिळेपर्यंत थांबला. भिमाबाई मैनाची शिंगं धरून उभी होती आणि एकदाही तिनं विचारलं नाही, की हे कशाचं औषध.

दुसऱ्या दिवशी मैनाचे डोळे जरा वर आले. तोंडाचा आंबट वास गेला. शेणही थोडं बरं पडलं. पण कूस तशीच गप्प. पाचक चूर्ण दिलं, तरी लाट नाही. मॅडम स्वतः येऊन बघून गेल्या. जाताना प्रसेनजितला म्हणाल्या, "आंबलेपणा गेलाय, पण आतलं सगळं मेलंय. आता नुसत्या औषधानं होणार नाही. निरोगी गाईचा रवंथ दे. आजच दे. उद्यापर्यंत पोट हललं नाही, तर मला आशा वाटत नाही."

प्रसेनजितनं मनातल्या मनात गावातली जनावरं तपासली. आळीत सगळ्या बकऱ्या. पलीकडच्या दोन म्हशी औषधावर. बैल तर ट्रॅक्टर आल्यापासून नावाला उरलेले. रोज कडबा खाणारी, धडधाकट, मैनाच्याच वयाची गाय एकच होती: शकुंतलाबाईंची गौरी. शकुंतलाबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, गावातल्या भटजींच्या घरातली सून, आता त्या घरात एकट्याच.

"माय, शकुंतलाबाईच्या गाईच्या तोंडातला रवंथ आणतो मी. मैनाले पाजाचा हाय."

भिमाबाईनं मान वर केली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतली धार दिसली.

"तोंडातला?"

"हाव."

"म्हंजे त्या घरच्या गाईचं उष्टं."

प्रसेनजितनं पेटीचं झाकण लावलं.

"माह्या बापानं सांगतलं होतं," भिमाबाई म्हणाली, "मेलो तरी चालंन, कोणाचं उष्टं-शिळं आपल्या उंबऱ्यातून आत येणार नाही. त्या घरी म्या दाणे पाखडले. चाहाचा कप त्यायनं बाहेर कोनाड्यात ठेवला होता माह्यासाठी. जेवण द्याचे, पानात उरलेलं. म्या एक दिवस नाही आणलं घरी. तू भुका रडत होता, तरी नाही आणलं. अन् आता मैनाच्या तोंडात थे घालू?"

तिचं खोटं नव्हतं. प्रसेनजित तिच्याजवळ ओट्यावर टेकला. मैनाला वाचवायचं तर रवंथ हवा, आणि रवंथ आणायचा तर आईनं आयुष्यभर जपलेलं एक व्रत मोडायचं. तो न विचारता आणू शकला असता. पण ज्या घरात भुकेनं रडणाऱ्या पोराला उष्टं मिळालं नाही, त्या घरात ते पोर मोठं होऊन चोरून उष्टं आणणार होतं काय?

"माय," तो म्हणाला, "गाईच्या पोटात बारीक बारीक जीव असतात. आपल्याले दिसत नाही. थे कडबा पचवतात. मैनाचे मेले सारे. दूध हाय, भांडं हाय, पण विरजण नाही, असं झालं हाय तिचं. विरजण दुसऱ्याच्या घरूनच आणा लागते. विरजणाले कोणी उष्टं म्हणते काय?"

भिमाबाईनं मैनाकडं पाहिलं. मग उठली, पाय धुतले, पांढरं लुगडं नेसली आणि फडताळातून स्टीलचा डबा काढला. प्रसेनजित उठायला लागला तशी म्हणाली, "तू चाल माह्या मांगं. मांगाचं हाय तं मीच मांगतो."

उन्हानं गल्ल्या ओस पडल्या होत्या. म्हातारी पुढं, लेक मागं. शकुंतलाबाईंनी दार उघडलं आणि चष्मा वर करून पाहिलं. मैनाची बातमी त्यांना लागलेली होती.

"या. मॅडम येऊन गेल्या म्हणे. कशी आहे गाय? काय खाल्लं होतं तिनं?"

सवयीनं प्रसेनजितच्या मनात उत्तर तयार झालं: कुटार अन् कडबा. आई तेच म्हणणार, आणि म्हणू दे, त्यानं काही बिघडत नाही, असं त्यानं ठरवूनही टाकलं होतं.

"खीर," भिमाबाई म्हणाली. "विहारातली. दोन घमेले. म्या चारली, माह्या हातानं."

भिमाबाईला आता थांबता येईना.

"रोज सांजीले तिच्यापाशी बसतो न मी, तं तिचं पोट वाजते. गुरगुर, गुरगुर. कसं सांगू बाई तुम्हाले, थो आवाज मी लहानपणापासून वळखतो. आमच्या घरात रातभर तोच आवाज राहे. साऱ्यायच्या पोटातून. मले वाटलं, एवढं खाऊनही भुकीच हाय बिचारी. सांगून नाही राह्यलं मुकं जनावर. खीर होती, तं घातली. भुकेनं मरताना पाह्यलं म्या माणसं. पण भरल्या पोटानं कोणी मरते, हे मले कोणी सांगतलंच नाही कधी."

प्रसेनजितनं पोट वाजण्याचा आवाज सगळ्या तालुक्याला समजावून सांगितला होता. ज्या आवाजावर तो आयुष्यभर फिदा होता, तोच आवाज आईला भुकेचा वाटतो, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या पोटाला कान लावूनही तिनं तो ऐकला असेल.

गोठ्याकडं जायला घराच्या कडेनं बोळ होता. दाणे पाखडायला यायची तेव्हा भिमाबाई त्याच बोळातून जायची. आत्ताही तिची पावलं आपसूक तिकडं वळली. शकुंतलाबाई उंबऱ्यातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "तिकडून नको, भिमाबाई. आतून या."

भिमाबाई क्षणभर थांबली. मग डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती ओसरी, माजघर, स्वयंपाकघर असं करत मागच्या दारानं गोठ्यात गेली.

गौरी बसलेली होती, डोळे अर्धे मिटून. रवंथ मागून मिळत नाही. गाईला निवांत वाटलं तरच ती तो करते. म्हणून तिघंही भिंतीला टेकून बसली. गोठ्यात कौलांतून उन्हाचे कवडसे पडलेले, कुठंतरी होला घुमत होता, आणि गौरीच्या अंगाचा उबदार वास. शकुंतलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी रोज दुपारी इथंच बसते. घरात फार शांत वाटतं हो." भिमाबाई म्हणाली, "मीबी बसतो मैनापाशी. पोरं शाळेत गेले की." प्रसेनजितचे डोळे मिटायला लागले. त्याला वाटलं, आपण पुन्हा त्या हिरवट उजेडात उतरतोय, आणि या खेपेला आई आपल्यासोबत आहे.

"आला," भिमाबाई कुजबुजली.

गौरीच्या गळ्यातून एक गोळा सरसर वर चढला आणि तिचा जबडा आडवा फिरू लागला. प्रसेनजितनं हलकेच तिच्या गालात हात घातला. दाढांपासून बोटं सांभाळत त्यानं हिरवा, ऊन ऊन गोळा बाहेर काढला. भिमाबाईनं डबा पुढं करायचा, तर तिनं दोन्ही हातांची ओंजळच पुढं केली. गोळ्याला आंबूस नव्हे, ओल्या चाऱ्याचा वास होता. गौरीनं रागानं मान झटकली, शकुंतलाबाईंनी तिचा गळा खाजवला, आणि सगळे पुन्हा वाट पाहत बसले. असे पाच-सहा गोळे जमेपर्यंत कवडसे भिंतीवर चढले होते.

घरी येऊन कोमट पाण्यात ते कालवलं, गाळलं आणि सावकाश मैनाला पाजलं. भिमाबाई जेवली नाही. मैनापाशीच पोतं टाकून पडून राहिली.

पहाटे तांबडं फुटायच्या वेळी प्रसेनजितला जाग आली ती आईच्या हाकेनं. "बाबू, पाह्य रे जरा." तो तसाच धावला. मैना उभी होती. त्यानं मूठ तिच्या कुशीत लावली, डोळे मिटले, आणि श्वास धरून थांबला. बराच वेळ काहीच नाही. मग आत कुठंतरी खोल काही हललं, आणि एक अशक्त, अर्धवट लाट त्याच्या मुठीला लागून परत गेली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यानं ते पुसलंही नाही. आईचा हात धरून त्यानं तिची मूठ आपल्या मुठीच्या जागी लावली. भिमाबाईनं कान मैनाच्या अंगाला टेकवला.

आतून आवाज आला. गुरगुर.

भिमाबाईचा मोकळा हात आपसूक दावणीकडं गेला. तिथं संध्याकाळची ज्वारीची भाकर फडक्यात बांधून ठेवलेली होती, तिची स्वतःची, न खाल्लेली. बोटं फडक्याच्या गाठीपर्यंत पोचली आणि थांबली. मग तिनं हात मागं घेतला, मैनाच्या पाठीवर ठेवला, आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"वाजू दे," ती म्हणाली.